दर कुठे लिहिलाय? देवगडच्या एका आंबा बागेची वेबसाइट

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार कुटुंबाचं आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. वेबसाइटच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे होतं. चुकलेल्या निर्णयांपैकी काही माझे होते, तेही इथे मांडले आहेत.

पार्श्वभूमी

बाग कातळावरची. घरातल्या थोरल्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी तरुणपणी सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. आज बाग त्यांचा मुलगा बघतो; मी त्यांना दादा म्हणतो. फोन, हिशेब, पेट्यांची नोंद वहिनींकडे. मुलगी पुण्यात नोकरीला.

बरीच वर्षं माल वाशीला दलालाकडे जायचा. २०२० च्या टाळेबंदीत ती घडी विस्कटली आणि कोकणातल्या अनेक बागायतदारांप्रमाणे यांनीही मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या द्यायला सुरुवात केली. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयने. दलाली वाचली, आणि आपला आंबा कोणाच्या घरी गेला हे पहिल्यांदाच कळायला लागलं. पुढच्याच वर्षी ओळखीतून आलेल्या गिऱ्हाइकांपलीकडे पोचायचं म्हणून नात्यातल्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. तो तेव्हा शिकत होता. त्याने अगदी थोड्या पैशांत, मनापासून काम केलं. पुढे जे दोष सांगणार आहे ते वाचताना हे लक्षात ठेवावं. त्यातला एकही दोष निष्काळजीपणाचा नव्हता. आंबा विकत घेणारा माणूस साइटवर येऊन नेमकं काय शोधतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

अडचण

दोन हंगाम झाले आणि साइटवरून एकही ऑर्डर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. जानेवारीअखेर डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) यांच्या नूतनीकरणाचं बिल आलं तेव्हा घरात विषय निघाला. दादांचं मत ठाम होतं: "वेबसाइट बघून कोण आंबे घेता?" बंद करून टाकावी, पैसे तरी वाचतील. मुलीला ते पटत नव्हतं. तिच्या ऑफिसातल्या लोकांनी साइट उघडून पाहिली होती आणि तरी पुन्हा तिलाच फोन करून दर विचारला होता. साइट उघडूनही फोन करावा लागतो, तेव्हा साइटवर काहीतरी कमी आहे, एवढं तिला कळत होतं. काय कमी आहे ते कळत नव्हतं. तिने मला बोलावलं ते या टप्प्यावर.

हातात वेळ थोडा होता. मोहोराचं फळ धरू लागलं होतं, पहिल्या पेट्या मार्चमध्ये निघणार होत्या आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी मागणीची झुंबड उडणार होती. कामाला फार तर पाच आठवडे.

तपासणीत काय सापडलं

मी लॅपटॉप उघडला नाही. भर दुपारी घरासमोरच्या खळ्यात बसून दादांच्याच फोनवर साइट उघडली. ग्राहक लॅपटॉपवर बसून आंबे शोधत नाही. तो लोकलमध्ये असतो, जेवणाच्या सुट्टीत असतो, उन्हात उभा असतो.

पान उघडायला इतका वेळ लागला की वहिनी आत जाऊन पाणी घेऊन आल्या. वर बागेचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ आपोआप सुरू होत होता, त्याखाली तीन सरकते फोटो. प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला, ६००० पिक्सेल रुंदीचा. फोनच्या पडद्यावर हजार-बाराशे पिक्सेलच्या पुढे काही फरक दिसत नाही, उरलेला भार फुकट वाहून आणला जातो. पानावरचा मुख्य फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलने ठरवलेली चांगल्या पानाची मर्यादा. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकला, तर हे पान त्या मर्यादेच्या आसपासही नव्हतं.

पान आलं तेव्हा अक्षरं दिसेनात. आंब्याचा धंदा म्हणून मथळे पिवळ्या रंगात, पार्श्वभूमी मलईच्या रंगाची. खोलीत बसून पाहिलं तर सुंदर, उन्हात पाहिलं तर कोरं पान. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १, मोठ्या मथळ्यांसाठी ३ ला १ असावा, असं वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पांढऱ्याच्या जवळपासच्या रंगावर हापूसचा पिवळा त्या कसोटीला कधीच उतरणार नाही.

मराठी मजकुराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती मराठीतल्या अनेक छोट्या धंद्यांना लागू आहे. बागेची माहिती मुळात एका छपाईच्या पत्रकात होती. ते पत्रक प्रेसमध्ये श्रीलिपी या छपाईसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेलं. त्यातला मजकूर उचलून वेबवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा गिचमिड ढीग मिळतो, कारण ती अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना समजणाऱ्या सामायिक पद्धतीत नाहीत. साइट करणाऱ्या मुलाने त्यावर सोपा मार्ग काढला: पत्रकाचीच चित्रं करून पानावर लावली. डोळ्यांना सगळं मराठी दिसत होतं, पण गूगलच्या लेखी पानावर जवळपास एक शब्दही नव्हता. "देवगड हापूस घरपोच" असं मराठीत शोधणाऱ्याला ही साइट सापडणार कशी? फोन नंबरही त्याच चित्रात. त्यावर बोट दाबून फोन लागत नव्हता, नंबर कॉपी होत नव्हता; कागदावर उतरवून मग लावावा लागत होता.

जे थोडे मथळे युनिकोडमध्ये होते त्यांची शिरोरेघ तुटलेली होती. वापरलेली तयार थीम रोमन लिपीसाठी बनवलेली, त्यात मथळ्यांच्या अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर सोडलेलं. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत प्रत्येक अक्षर वेगळं पडतं आणि 'आमची बाग' दातांमध्ये फटी पडल्यासारखी दिसते. ओळींमधलं अंतर कमी, म्हणून वेलांट्या आणि रफार वरून कापले जात होते. आणि पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी अशी नोंदलेली, म्हणून फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवत होता. हे मी सांगण्याआधी अण्णांनी ओळखलं. चष्मा लावून त्यांनी फोन बघितला आणि म्हणाले, हा 'ल' आपला नाही.

ब्राउझरच्या पट्टीत 'नॉट सिक्युअर' असं लिहून येत होतं. सुरक्षित जोडणी नसलेल्या प्रत्येक साइटवर क्रोम जुलै २०१८ पासून हा शेरा दाखवतं. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था त्यासाठीचं प्रमाणपत्र फुकट देतात, बहुतेक होस्टिंगमध्ये एक बटण दाबायचं असतं. हे काम दहा मिनिटांचं होतं, पण अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवायचे असताना तो शेरा काय करत असेल ते सांगायला नको.

दर कुठेच नव्हता. "दरांसाठी संपर्क करा" एवढंच. कुठे पोचवता, कच्चा आंबा पाठवता की पिकलेला, खराब निघाला तर काय, हेही नाही. मुखपृष्ठावर मागच्या वर्षीचं "बुकिंग सुरू" अजून फिरत होतं.

आणि मग तो फॉर्म. 'संपर्क' पानावर नाव, नंबर, निरोप लिहून पाठवायची सोय होती. पाठवलेलं जातं कुठे, असं विचारलं तर कोणालाच माहीत नव्हतं. साइट करणाऱ्या मुलाला फोन केला. साइट उभी करताना चाचणीसाठी म्हणून त्याने एक वेगळा ईमेल पत्ता घातला होता आणि तो बदलायचा राहून गेला होता. पासवर्ड शोधून संध्याकाळी तो ईमेल उघडला. दोन हंगामांतल्या चौकश्या एकाखाली एक पडलेल्या होत्या. पुण्याच्या होत्या, नाशिकच्या होत्या, बेंगळुरूच्या होत्या. एका बाईंनी तर तीनदा लिहिलं होतं, वडिलांच्या पंचाहत्तरीला देवगडचाच आंबा हवा म्हणून. वहिनी एकेक वाचत होत्या आणि कोणी काही बोलत नव्हतं. वेबसाइट बघून कोण आंबे घेता, या प्रश्नाचं उत्तर त्या ईमेलमध्ये दोन वर्षं पडून होतं.

पर्याय आणि निर्णय

त्या संध्याकाळनंतर साइट बंद करण्याचा विषय संपला. तरी चार वाटा समोर होत्या आणि प्रत्येकीला घरात कोणीतरी वकील होता.

पहिली वाट: साइट सोडून फक्त व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्राम. खर्च नाही, वहिनींच्या हातातलं साधन. पण ओळखीबाहेरचा माणूस गूगलवर शोधतो, आणि कॅटलॉग त्याला तिथे सापडत नाही. शिवाय खातं बंद पडलं की सगळंच गेलं.

दुसरी: मोठ्या ऑनलाइन बाजारात नाव नोंदवायचं. त्यात कमिशन, त्यांच्या अटी, त्यांचा परतावा. दादांनी एका वाक्यात निकाल लावला: हे म्हणजे नवीन दलाल.

तिसरी वाट मुलीच्या मनात होती. पूर्ण ऑनलाइन दुकान, टोपली, कार्ड, पैसे भरा, झालं. मलाही सुरुवातीला ती आवडली होती. पण दादांशी बोलताना एक गोष्ट समजली, जी मला कुठल्या वेब डिझाइनच्या धड्यात मिळाली नसती. दुकानाचा माल गोदामात असतो. आंब्याचा माल झाडावर असतो. उद्या किती पेट्या निघणार हे ऊन, वारा आणि झाड ठरवतं. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात दोनशे लोकांनी 'आत्ता घ्या' दाबलं आणि आढीत तेवढा आंबा तयार नसला, तर पैसे परत करत बसावं लागेल, नाहीतर अर्धकच्चा माल पाठवावा लागेल. त्या बटणाने दिलेला शब्द झाडाला पाळता येणार नव्हता. म्हणून 'खरेदी' ऐवजी 'नाव नोंदवा' ठेवायचं ठरलं: पेट्या किती, कुठे, साधारण कोणत्या आठवड्यात. पेटी भरायची वेळ आली की वहिनी फोन करणार आणि पैसे तेव्हा घेणार.

चौथी, म्हणजे आहे तीच साइट काटछाट करून दुरुस्त करणं, ही वाट घेतली.

दर लिहायचा की नाही यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. दादांचं म्हणणं खोटं नव्हतं. मार्चमधला दर आणि मेमधला दर यांत मोठा फरक असतो. लिहिलेला दर लोक पुढे महिनाभर तोंडावर फेकतात. शेजारचे बागायतदारही बघतात. मी त्यांना मागच्या वर्षीचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप वहिनींसोबत बसून वाचायला लावले. बहुतेक संभाषणांचा पहिला प्रश्न दराचा, आणि दर सांगितल्यावर ज्यांना परवडत नाही ते गप्प होतात. म्हणजे दर लपवून गिऱ्हाईक टिकत नव्हतं, वहिनींचा दिवस मात्र जात होता. शेवटी तोडगा असा निघाला: पेटीतल्या डझनांनुसार आणि आंब्याच्या आकारानुसार दर, आणि प्रत्येक दराशेजारी तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे ते.

दुसरा वाद साक्याचा. साका म्हणजे कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा होणं. बाहेरून कितीही पारखलं तरी कळत नाही. "साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे भरून देऊ" असं लिहावं, असं मी सुचवलं. खोट्या तक्रारी येतील, ही दादांची भीती. वहिनी म्हणाल्या, फोनवर आपण तेच करतो ना? मग लिहायला काय झालं? ते लिहिलं गेलं ते त्यांच्यामुळे.

डोमेनचा प्रश्न नाजूक होता. साइटचं नाव त्या मुलाच्या खात्यावर, त्याच्याच नावाने नोंदलेलं. तो उद्या नोकरीला परदेशी गेला, पासवर्ड विसरला, तर धंद्याचं नाव हातातून जाणार. भांडण होण्यासारखं काहीच नव्हतं, पण नात्यात अशा गोष्टी बोलताना शब्द जपावे लागतात. वहिनींनीच त्याच्या आईशी बोलून घेतलं. नोंदणी कंपनी न बदलता त्याच कंपनीत दादांच्या नावाने खातं काढून डोमेन तिथे वळवलं. हंगाम तोंडावर असताना कंपनी बदलण्याचा घोळ मुद्दाम टाळला. छोट्या धंद्याने इतर सगळं दुसऱ्याकडून करून घ्यावं, पण डोमेनची नोंद, होस्टिंगचं खातं आणि ज्या ईमेलवर पासवर्ड बदलायचे निरोप येतात तो ईमेल, या तीन गोष्टी स्वतःच्या नावावर हव्यातच.

काय केलं

आधी प्रश्नांची यादी केली. मागच्या वर्षीच्या निरोपांतून सहा प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले: दर काय, कधी मिळेल, आमच्या शहरात येईल का, कच्चा की पिकलेला, खराब निघाला तर, आणि खरंच देवगडचा कशावरून. नवीन मुखपृष्ठ म्हणजे या सहा प्रश्नांची उत्तरं, याच क्रमाने; फक्त दर मी वेगळ्या पानावर ठेवला. व्हिडिओ आणि सरकते फोटो काढले. एकच फोटो ठेवला, पेंढ्यात रचलेल्या पेटीचा. तो १२०० पिक्सेलचा करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवला. पान आता चटकन उघडत होतं.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकला. मुलीने दोन रात्री बसून ते केलं. अक्षरांमधलं जास्तीचं अंतर शून्यावर आणलं, ओळींमधलं वाढवलं, मराठी वळणाची सोय असलेला फॉन्ट घेतला आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदली. 'ल' सरळ झाला. रंगांत पिवळा राहिला, पण फक्त पट्टीत. अक्षरं गडद तपकिरी.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न होता. मुलीला वाटत होतं इंग्रजी आधी, मराठी नंतर. फोन करणारे बहुतेक मराठीत बोलतात हे निरोपांतून दिसतच होतं, म्हणून मुखपृष्ठ मराठी ठेवलं आणि बेंगळुरू-हैदराबादच्या लोकांसाठी वेगळं इंग्रजी पान लिहिलं. आपोआप भाषांतर करणारं बटण लावलं नाही. 'आढी', 'पेटी', 'साका' या शब्दांचं ते बटण काय करेल याचा भरवसा नव्हता.

फोन नंबर मजकूर म्हणून, बोट दाबलं की लागेल असा, प्रत्येक पानाच्या तळाशी चिकटून राहणारा. शेजारी व्हॉट्सअ‍ॅप. फॉर्म ठेवला, पण त्याचा निरोप वहिनींच्या ईमेलवर आणि मुलीच्याही. सुरक्षित जोडणी सुरू केली. पत्ता, परताव्याची पद्धत आणि तक्रारीसाठी कोणाशी बोलायचं हे लिहिलं. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम ऑनलाइन विक्रेत्याकडून या माहितीची अपेक्षा करतात. आंबापोळी आणि कोकम आगळाच्या पाकिटांवर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी क्रमांक होता, तोही पानावर घेतला.

साइट उघडी करण्याआधी पाच जणांच्या हातात फोन दिला. वेबच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसं बसवली तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. माझा अनुभव त्याला धरून आहे. पाचांतली एक म्हणजे वहिनींची सांगलीची बहीण. तिला एवढंच सांगितलं: दोन पेट्या घरी मागवायच्या आहेत, दर आणि दिवस शोध. वहिनींना मी आधीच बजावलं होतं, मध्ये बोलायचं नाही. ती मुखपृष्ठ वरखाली करत राहिली आणि म्हणाली, "दर कुठे लिहिलाय?" दर होता, पण मी तो वेगळ्या पानावर ठेवला होता आणि तिथे जायचा रस्ता वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमध्ये होता. त्या रेघांवर बोट ठेवायचं असतं हे तिला माहीत नव्हतं, आणि का असावं? त्याच रात्री दर मुखपृष्ठावर आणला आणि तीन रेघांच्या जागी चार नावं उघडी मांडली: दर, घरपोच, आमची बाग, संपर्क.

परिणाम

त्या हंगामात फॉर्मवरून आणि साइटवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बटणावरून नोंदणी येत राहिली. आकडे देत नाही, कारण कुठला फोन साइट बघून आला आणि कुठला ओळखीने, हे नीट वेगळं नोंदलं गेलं नाही. पण वहिनींचे फोन बदलले हे सगळ्यांना जाणवलं. आधी "दर काय" ने सुरू होणारं बोलणं आता "आम्हाला पाच डझनाच्या दोन पेट्या, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात" असं सुरू व्हायला लागलं. साक्याच्या खोट्या तक्रारींची लाट आली नाही. ज्या तक्रारी आल्या त्यांच्यासोबत कापलेल्या आंब्याचा फोटो होता.

जुन्या ईमेलमधल्या माणसांना वहिनींनी स्वतः फोन केले. काहींनी उचलले नाहीत, काही नाराज होते. पंचाहत्तरीच्या आंब्यासाठी लिहिणाऱ्या बाईंना त्यांनी एक पेटी पैसे न घेता पाठवली.

दोन गोष्टी फसल्या. एप्रिलच्या मध्यात दर उतरले, पण पानावरचा दर बदलायचं फक्त मुलीला येत होतं आणि तिची ऑफिसची धावपळ चालू होती. तीन-चार दिवस जुना दर, उलटून गेलेल्या तारखेसह, तसाच राहिला. या वेळी दर खाली आला होता म्हणून निभावलं. वहिनींनी फोनवर कमी दर सांगितला आणि लोक खूश झाले. उलट झालं असतं तर भांडण होतं.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. पेट्या आधीच्या वर्षी छापून घेतलेल्या होत्या आणि त्यांवर क्यूआर कोड होता, जुन्या साइटवरच्या 'आंबा कसा पिकवावा' या पानाचा. पानांची रचना बदलताना मी ते पान नव्या पत्त्यावर हलवलं आणि जुन्या पत्त्यावरून वळण दिलं नाही. पहिल्या खेपेच्या गिऱ्हाइकांनी पेटी उघडली, कोड स्कॅन केला आणि 'पान सापडत नाही' असं वाचलं. कच्चा आंबा पेंढ्यात किती दिवस ठेवायचा, फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही, हे ज्याला त्या क्षणी हवं होतं त्यालाच ते मिळालं नाही. कळलं त्या दिवशी कायमचं वळण लावलं, ज्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात.

आता वेगळं काय केलं असतं

काम सुरू करण्याआधी साइटचा पत्ता कुठे कुठे छापला आहे याची यादी केली असती: पेटी, बिल, गाडीवरचा फलक, व्हॉट्सअ‍ॅपचे जुने निरोप. पाने हलवण्याआधीचं हे काम अर्ध्या तासाचं होतं.

दर बदलायला वहिनींना पहिल्याच दिवशी शिकवलं असतं. मी गृहीत धरलं की त्यांना जमणार नाही, आणि ते गृहीतक चुकीचं होतं. मे महिन्यात त्या शिकल्या आणि दोन दिवसांत फोनवरून दर बदलायला लागल्या. ज्याच्या हातात फोन, त्याच्याच हातात दर हवा.

तिसरी गोष्ट मला जास्त लागली. काटछाटीच्या भरात मी अण्णांची गोष्ट काढून टाकली होती. जुन्या साइटवर ती लांबलचक होती, कातळ फोडल्यापासूनची, आणि मला ती गिऱ्हाइकाच्या वाटेतली अडचण वाटली. अण्णा काही बोलले नाहीत. पण साइट पाहून झाल्यावर त्यांनी फोन परत दिला आणि उठून बागेत गेले. पुढे मुलीने लक्षात आणून दिलं की सहा प्रश्नांतल्या शेवटच्या प्रश्नाला, खरंच देवगडचा कशावरून, आमच्याकडे फक्त भौगोलिक मानांकनाचा उल्लेख होता. कोकणच्या हापूसला ते मानांकन २०१८ मध्ये मिळालं आणि त्याचं महत्त्व मोठं आहे, पण परराज्यातला आंबा देवगडच्या नावाच्या पेटीतून विकणाराही तो शब्द छापतोच. सुरुंगाने पाडलेला खड्डा, डोक्यावरून वाहिलेली माती, त्या कलमाशेजारी उभा असलेला म्हातारा माणूस, हे मात्र कोणाला उसनं आणता येत नाही. गोष्ट वाईट नव्हती. ती चुकीच्या जागी होती आणि कुठल्याच प्रश्नाला जोडलेली नव्हती. आता ती छोटी करून, अण्णांच्या कलमाजवळच्या फोटोसह, त्या सहाव्या प्रश्नाखाली आहे.

पैसे आगाऊ घ्यायचे की नाही हे अजून ठरलेलं नाही. नुसतं नाव नोंदवून ऐनवेळी नको म्हणणारे थोडे निघाले आणि भरलेल्या पेट्या दुसरीकडे वळवाव्या लागल्या. दादांना थोडी अनामत घ्यावीशी वाटते. वहिनींना वाटतं त्याने नवा माणूस बिचकेल. पुढच्या हंगामात एका आठवड्यापुरती अनामत घेऊन बघायची, असं बोलणं चालू आहे.

फोनशेजारी आता एक वही असते. त्यात वहिनी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न उतरवतात, आणि या वर्षी एक नवा प्रश्न सारखा दिसतो: मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे पाठवता का? अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर किडीच्या बंदोबस्तासाठी विकिरण प्रक्रिया करावी लागते, ती ठरावीक केंद्रांतच होते, आणि दोन-चार पेट्यांसाठी या घराला ते झेपणारं नाही. म्हणजे उत्तर "नाही" असंच आहे. वहिनी ते प्रत्येकाला फोनवर पाच मिनिटं समजावून सांगतात. पानावर ते अजून लिहिलेलं नाही.